जू खांद्यावर, ओझं कमरेवर

ब्रिटिश पायदळातला सैनिक कमरेला रुंद पट्टा बांधतो. त्या पट्ट्याला काडतुसांचे पाऊच, पाण्याची बाटली, घडीचं फावडं, एका दिवसाचा शिधा असं सगळं अडकवतो. हा पसारा खाली घसरू नये म्हणून खांद्यांवरून गादी भरलेल्या पट्ट्यांचा एक सांगाडा घेतो. या सांगाड्याला त्यांच्याकडे ‘योक’ म्हणतात. योक म्हणजे जू.

शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला या वस्तूबद्दल निम्मं तरी इथेच कळून चुकतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना हळद आणि लोणी चोळतात. जू नीट बसलं नाही की बैलाचा खांदा सुजतो, हे त्या घरात कुणाला शिकवावं लागत नाही. माणसाचा खांदाही तसाच दुखावतो. फरक एवढाच, की बैलाला जू टेकायला वशिंड आहे आणि माणसाला नाही. माणसाकडे आहे ते कमरेचं हाड. लष्करी साजाची गेल्या शंभरेक वर्षांतली सगळी खटपट ओझं खांद्यावरून काढून त्या हाडावर कसं टेकवायचं, यासाठी चालली आहे असं मला वाटतं.

बोअर युद्धापर्यंत (१८९९–१९०२) हा साज चामड्याचा होता. चामडं भिजलं की ताणायचं, वाळलं की कडक व्हायचं. त्यावर तोड निघाली ती नवारीची. अमेरिकी सेनाधिकारी अ‍ॅन्सन मिल्स यांनी काडतुसांचे पट्टे कातड्याऐवजी मागावर विणून घेतले होते. त्यांच्या नावाने लंडनमध्ये चालणाऱ्या कंपनीला सोबत घेऊन रॉयल आयरिश फ्युजिलियर्सचे मेजर बरोज यांनी १९०८ चा साज घडवला. आपल्या जुन्या पलंगांना असायची तशीच सुती नवार, पण कितीतरी घट्ट विणीची. पट्टा तीन इंच रुंद. पुढे दोन्ही बाजूंना पाच-पाच खिसे, प्रत्येकात पंधरा काडतुसं. म्हणजे दीडशे काडतुसं, पावणेचार किलोच्या आसपास वजन, तेही एकट्या पोटावर. मग ते तोलायला पाठीवर पिशवी. पुढचं वजन मागच्याला ओढून धरतं आणि मागचं पुढच्याला. कावडीचा हिशोब म्हणा ना. सगळा साज एकसंध होता. डगला चढवावा तसा अंगात घालायचा आणि तसाच उतरवून ठेवायचा. मला या साजाबद्दल फार आदर आहे. पुढे झालं ते बरंचसं याचीच डागडुजी आहे.

१९३७ च्या साजात खिसे मोठे झाले, कारण ब्रेन मशीनगनची मॅगझिन्स आता तुकडीतल्या सगळ्यांनी मिळून वाहायची होती. यातली पट्टी खांद्यावरून जाताना रुंद होते. दुसऱ्या महायुद्धात भारतीय पलटणींच्या अंगावर हाच साज होता. नाईक यशवंत घाडगे आणि शिपाई नामदेव जाधव या दोघांनी इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, त्या मराठा पलटणीही हाच बांधून लढल्या.

१९५८ च्या साजात रुंद जू आलं, पण कापड सुतीच राहिलं. सूत पाणी पितं. १९८२ साली फॉकलंडच्या ओल्या, गार माळांवर ब्रिटिश सैनिक हाच साज घालून चालले. भिजलेली नवार जड होते, आवळते, बकलातून सरकता सरकत नाही. त्यानंतरच्या दशकात नायलॉनचा साज आला. त्याचं इंग्रजी आद्याक्षरी नाव पीएलसीई. त्याच्या जुवात फोमची गादी आहे. जुन्या लष्करी मालाच्या बाजारात आज हा बराच दिसतो. अमेरिकेचा १९७३ चा ‘अ‍ॅलिस’ साज त्याचा चुलतभाऊ: पट्टा कमरेला, खांद्यावर गादीच्या पट्ट्या.

असा साज स्वतःसाठी निवडताना बहुतेकांचा हात आधी गादीवर जातो. जितकी जाड तितकी बरी, असं वाटतं. मलाही वाटलं होतं. ट्रेकला कॅमेरा, दोरी आणि पाणी वाहायला मी पहिला साज घेतला तो उशीसारख्या गादीचा. दोन तासांत त्या उशीचा पापड झाला आणि आतली पट्टी खांद्यात रुतू लागली. तेव्हापासून मी अंगठ्याने दाबून बघतो. अंगठा पलीकडच्या कापडाला टेकला तर तो स्पंज. वजनाखाली तो उरणारच नाही. गादी दाबल्यावर हटवादीपणे परत वर यायला हवी. शिवाय फोम पाणी न पिणारा हवा, नाहीतर आपल्या पावसात १९५८ सालात परत जाणं आलं. आणि या साजावर सॅकही चढणार असेल तर गादी पातळच घ्यावी. दोन गाद्या एकावर एक आल्या की सॅकचा पट्टा बाहेर घसरतो आणि माणूस दिवसभर खांदे उडवत चालतो. मराठीत खोगीरभरती हा शब्द उगाच आलेला नाही.

गादीपेक्षा तिची कड महत्त्वाची. गळ्याच्या बाजूची शिवण टणक असेल तर ती मानेला कापते. बकल गळ्याखालच्या आडव्या हाडावर येता कामा नये. ते छातीवर, हाडाच्या बरंच खाली यायला हवं. हे नुसतं सुखाचं प्रकरण नाही. पट्टा काखेच्या वरच्या भागात तासन् तास दाबत राहिला की हाताकडे जाणाऱ्या शिरा, म्हणजे चेतातंतू, चेपतात. बोटं बधिर होतात, कधी दंड उचलेनासा होतो. सैनिकांमध्ये आणि सॅक वाहणाऱ्यांमध्ये हा विकार डॉक्टरांच्या चांगला ओळखीचा आहे.

रंगाचं एका वाक्यात सांगतो: साधा हिरवा किंवा खाकी घ्यावा, लष्करी नक्षीचा नको, सैनिक असल्याचं भासवायला तसा वेष करणं आपल्याकडे गुन्हा आहे.

आता बांधणी. रिकामा साज कधीही बेतू नये. पाऊच भरा, बाटल्या काठोकाठ भरा, ज्या कपड्यांवर घालणार तेच कपडे चढवा. पॅंटचं माप विसरा. टेप कमरेच्या हाडावरून, कपड्यांवरून फिरवा. बेंबीसमोर चार-सहा बोटं जागा मोकळी ठेवा, नाहीतर वाकताना आणि पालथं पडताना पाऊच पोटात घुसतात. जड वस्तू पाठीकडे आणि अंगालगत. एका बाजूला लिटरभर पाणी असेल तर दुसऱ्या बाजूला किलोभर काहीतरी हवंच.

मग जुवाच्या सगळ्या पट्ट्या सैल सोडून फक्त कमरपट्टा आवळा. इथे उलटं करण्याची चूक हमखास होते. पट्टा हाडाच्या वरच्या कडेला बसला, दोन पावलं चालून खाली आला नाही, की मगच जुवाला हात लावायचा. पट्ट्या इतक्याच ओढायच्या की मागचे पाऊच लोंबणं थांबेल. गादीखाली दोन बोटं सहज सरकली पाहिजेत. खांद्याने पट्टा वर उचलायला सुरुवात केली, तर सगळं ओझं परत खांद्यावर आलं म्हणून समजा. पाठीवर पट्ट्या एकमेकींना छेदतात ती फुली दोन्ही फऱ्यांच्या मध्ये हवी. वर गेली तर मानेला घासते, खाली आली तर पट्ट्या खांद्यावरून ओघळतात.

यानंतर जागच्या जागी उड्या मारायच्या. सैनिक गस्तीवर निघण्याआधी हेच करतात. काय खडखडतंय, काय आपटतंय, ते कानाला कळतं. खडखडणाऱ्या वस्तूभोवती फडकं, लोंबणाऱ्या टोकांची गुंडाळी आणि वर चिकटपट्टी. मग पालथं पडून बघायचं, एक पाय उंच दगडावर टाकून बघायचा, घरचा जिना पळत चढायचा. अर्ध्या तासाने पट्ट्या आपल्या जागी बसतात आणि थोड्या ढिल्या होतात. तेव्हा एकदा परत ओढून घ्यायच्या.

हे सगळं जमलं की मी साज उतरवायच्या आधी सुईत लाल दोरा ओवतो. चारही पट्ट्यांवर, बकल जिथे थांबलं तिथे, एकेक टाका घालतो. धुताना सगळं सुटतं. पुढच्या खेपेला पहाटेच्या अंधारात, गडाच्या पायथ्याशी, तो टाका बोटांना लागतो आणि बकल तिथवर ओढलं की झालं.