गाडी कोणत्या कोनात उलटते?

घोडबंदर रोडने नेहमी जाणाऱ्यांना गायमुखचा घाट चांगलाच ठाऊक असतो. तिथे एखादा कंटेनर कलंडला, की दोन्ही बाजूंना गाड्यांच्या लांबच लांब रांगा लागतात. कोणी चालकाला दोष देतो, कोणी खड्ड्यांना. पण गाडी नेमकी कोणत्या क्षणी कलंडते, हे शालेय भौतिकशास्त्रातून काढता येते. आणि सहलीला मुले नेणाऱ्या शिक्षकांना ते कळणे फार गरजेचे आहे.

नागाव, काशिद यांसारख्या किनाऱ्यांवर चार फुगीर चाकांची, हँडलने वळवायची एटीव्ही ही गाडी आपण पाहिली असेल. वाळूत, खडकाळ वाटेवर चालावी म्हणून ती जमिनीपासून उंच, पण रुंदीला बेताची असते. मुले मागे लागतात, ‘सर, एकच फेरी!’ चार चाके आहेत म्हणजे ती स्कूटरपेक्षा सुरक्षित, असे आपल्यालाही वाटते. खरेच तसे आहे का?

आधी एक प्रयोग करा. खडूच्या रिकाम्या खोक्यात तळाशी एक दगड ठेवा. खोका फळीवर उभा ठेवून, तो घसरू नये म्हणून त्याच्या पुढे एक पातळ पट्टी चिकटवा. फळीची एक बाजू हळूहळू उचला आणि खोका कलंडेल तो कोन कोनमापकाने मोजा. आता तोच दगड खोक्याच्या माथ्यावर बांधून पुन्हा मोजा. कोन बराच कमी येईल. गुरुत्वमध्यातून खाली काढलेली उभी रेषा पायाच्या बाहेर गेली, की वस्तू उलटते. गुरुत्वमध्य जितका वर, तितकी ती लवकर बाहेर जाते.

आता गाडीचे गणित. समजा, डाव्या-उजव्या चाकांत ८० सेंमी अंतर आहे. गाडी २०० किलोची, तिचा गुरुत्वमध्य ४५ सेंमी उंचीवर. स्वार ६० किलोचा, त्याचा ९५ सेंमीवर. दोघांचा मिळून गुरुत्वमध्य सुमारे ५६.५ सेंमी उंचीवर येतो. ४० भागिले ५६.५ म्हणजे ०.७१; हा ज्याचा टॅन्जंट, तो कोन सुमारे ३५ अंश. सपाट जागी ५ मीटर त्रिज्येचे वळण घेताना ही गाडी ताशी २१ किमी वेगालाच उलटू शकते. वळणाच्या आतल्या बाजूची दोन्ही चाके २० सेंमी उंचवट्यावर चढली, तर गाडी आधीच सुमारे १५ अंश कललेली असते. मग ताशी १५ किमी वेगही पुरतो. हा तर सायकलचा वेग!

स्कूटर वळताना स्वारासह आत झुकते. एटीव्ही तशी झुकत नाही. झुकायचे ते स्वारानेच. ६० किलोचा स्वार २० सेंमी आत सरकला, तर एकूण गुरुत्वमध्य साडेचार सेंमी आत येतो. ३० किलोचे मूल तेवढेच सरकले तर अडीच सेंमीच. म्हणजे तोल सावरण्याची मुलाची ताकद जवळजवळ निम्मीच. अमेरिकेत मोठ्या इंजिनाच्या एटीव्हीवर १६ वर्षांखालील कोणीही ती चालवू नये, असा इशारा असतो, तो उगीच नव्हे.

तीन चाकांची तर आणखी अडचण. पाया त्रिकोणी असल्याने पुढच्या चाकाकडे तो अरुंद होत जातो, आणि वळताना ब्रेक दाबला की भार नेमका तिकडेच सरकतो. तीनचाकी एटीव्हीची नवी विक्री अमेरिकेत १९८८ साली थांबवण्यात आली. रिक्षाचालक वळणाआधी वेग कमी करतो, त्याचे मर्म हेच.

म्हणून फेरीआधी सराव हवा. हेल्मेट घालून, इंजिन बंद असतानाच गाडीवर बसावे. ब्रेक आणि इंजिन बंद करण्याचे बटण न पाहता हाताला सापडेपर्यंत शोधावे. डावीकडे, उजवीकडे अंग झुकवून पाहावे. मग सपाट मोकळ्या जागेत चालण्याच्या वेगाने जाऊन, आखलेल्या रेषेवर थांबावे. ते जमल्यावर दोन दगडांभोवती इंग्रजी आठाच्या आकारात फिरावे. तोल गेल्यासारखे वाटले तरी पाय खाली टेकू नये. मागचे चाक पायावर चढते. एकट्यासाठी बनवलेल्या गाडीवर दुसऱ्याला बसवू नये.

एवढा सराव करू देण्याइतका वेळ आणि मोकळी जागा तिथे नसेल, तर मुलांना नाही म्हणावे. मुले हिरमुसतील, शाळेत परतल्यावर त्यांच्यापुढे तो खडूचा खोका ठेवावा.