जालीम औषध कोणते?

कोठीतल्या धान्याला कीड लागली की दुकानदाराला आपण पहिले विचारतो, "यातले जालीम कोणते?" प्रश्न सोपा. उत्तर मात्र एका आकड्यात मावत नाही.

अमेरिकेतील चेस्टर ब्लिस यांनी १९३५ साली पिठातल्या भुंगेऱ्यांवरील एका प्रयोगाचे आकडे मांडले. भुंगेऱ्यांना पाच तास कार्बन डायसल्फाईडची वाफ दिली होती. लिटरमागे ४९ मिलिग्रॅमला ५९ पैकी ६ मेले, सुमारे ६१ ला ५६ पैकी २८, आणि साडेशहात्तरला ६० चे ६०! असे का? वर्गातल्या मुलांची उंची जशी, तशी किड्यांची सोसण्याची ताकद. अगदी नाजूक थोडे, अगदी चिवट थोडे, मधलेच पुष्कळ. म्हणून आलेखाची रेघ आधी रेंगाळते, मग उसळते, शेवटी पुन्हा रेंगाळते. प्रॉबिट नावाच्या मापाने ब्लिस यांनी ती सरळ केली.

आता दोन औषधे घ्या. दोहोंच्या रेघा बैलगाडीच्या चाकोऱ्यांसारख्या बरोबरीने गेल्या, तर काम सोपे: दुसरे औषध पहिल्याच्या दुप्पट लागते की तिप्पट, हे एकदाच सांगता येते. पण एक रेघ उभट आणि दुसरी उताणी असली, तर त्या कुठेतरी एकमेकींना छेदणार. कमी मात्रेला एक सरस, जास्त मात्रेला दुसरे! अशा वेळी निम्मे किडे मारणारी मात्रा पाहून निकाल देणे मला पटत नाही. उरलेले निम्मे पुन्हा पिल्ले घालतातच ना? कोठीवाल्याला शेकडा ९० किंवा ९५ ची मात्रा हवी.

हे गणित आज 'आर' ही फुकट मिळणारी संगणक-प्रणाली क्षणात करते. आधी दोन्ही रेघांना वेगळा चढ द्यायचा, मग एकच. एकाच चढाने जुळणी फारशी बिघडली नाही, तर तोच ठेवायचा. मग दोन औषधांच्या मात्रांचे गुणोत्तर मिळते, आणि त्याची खालची-वरची मर्यादाही. त्या मर्यादांत १ हा आकडा येत असेल, तर फरक सिद्ध झाला नाही असे समजावे.

एक गोष्ट मात्र मास्तरांनी मुलांना फळ्यावर करून दाखवावी. औषध न दिलेल्या बरणीतही काही किडे मरतात. समजा, तिथे शंभरात १० मेले आणि औषधाच्या बरणीत ५५. १० तसेही मरणारच होते. उरलेल्या ९० पैकी औषधाने मारले ४५, म्हणजे निम्मे. ही वजाबाकी ॲबट यांनी १९२५ साली सांगितली. ती साधी बरणी मांडलीच नसेल, तर संगणक तरी कशातून काय वजा करणार?