बा ना डोंगरावरील फ्रेंच गाव

2024 सालच्या फेब्रुवारीत आपल्या संघातील सभासद व त्यांचे कुटुंबीय मिळून अडतीस जण बेळगावहून व्हिएतनामच्या सहलीस गेलो होतो. त्यातील एका दिवसाची हकीकत स्मरणिकेसाठी लिहून द्यावी, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. अस्मादिक धान्याचे व्यापारी, शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तेव्हा काही न्यून आढळल्यास वाचकांनी गोड मानून घ्यावे.

दा नांग शहरातून सकाळी बसने निघून आम्ही बा ना डोंगराच्या पायथ्याशी आलो. कंदमूळ वर्ज्य असल्याने भगिनींनी दशम्या व खाकऱ्यांचे डबे बरोबर घेतले होते. सूर्यास्तापूर्वी परतून भोजन उरकावयाचे, हेही आधीच ठरले होते. आम्ही वर गेलो तो रज्जुमार्ग 2013 साली सुरू झाला. त्याची लांबी सुमारे 5800 मीटर असून तो एका दमात तेराशे मीटरांहून अधिक उंची चढतो. खाली घनदाट अरण्य व सभोवती धुके. पाळण्यात बसलेली वडीलधारी मंडळी मनातल्या मनात नवकार म्हणत होती.

डोंगरमाथा जवळजवळ दीड हजार मीटर उंच आहे. फ्रेंच अमलात 1919 पासून येथे थंड हवेचे ठिकाण वसले. 1954 साली फ्रेंच सत्ता संपली, बंगले ओस पडले व रानाने ते गिळले. आज दिसते ते फ्रेंच गाव, म्हणजे चर्च, चौक, फरसबंदी रस्ते व उतरत्या छपरांची घरे, एका व्हिएतनामी कंपनीने अलीकडे उभारले आहे. जुन्यापैकी 1923 चे मद्याचे तळघर तेवढे दाखवितात. ते आम्ही बाहेरूनच पाहिले. 2018 साली खुला झालेला सोनेरी पूल दोन प्रचंड हातांनी तोलून धरल्यासारखा दिसतो. ते हात शेवाळलेल्या प्राचीन दगडाचे भासतात. प्रत्यक्षात ते जाळी व फायबरग्लासचे आहेत.

हे कळताच आमच्यातील एक ज्येष्ठ व्यापारी उद्गारले, “म्हणजे सगळा नकली माल! एवढे पैसे भरून काय पाहिले?” मलाही ते पटले.

पुढे एका दुकानात नातीसाठी लाकडी खेळणे घेत होतो. “हे फ्रान्सचे का?” असे मी बरोबरच्या पुतण्याकरवी विचारविले. दुकानातील मुलीने हसून मान हलविली व सांगितले, “नाही आजोबा, इथलेच आहे.” होय म्हणाली असती तरी मी घेतलेच असते, कदाचित चार पैसे अधिकही दिले असते.

त्या उत्तराने मी ओशाळलो. 1989 साली मी मालदांडी ज्वारीचा उत्तम नमुना दाखवून गोव्याच्या एका दुकानदारास साठ पोती पाठविली होती. त्यांपैकी वीस पोत्यांत मागील सालची, टोके लागलेली ज्वारी मिसळली होती. त्या गृहस्थाने तक्रार केली नाही. पैसे पूर्ण पाठविले, परंतु पुन्हा कधी मागणी धाडली नाही. दिवाळीस वह्या पाहताना तीर्थरूपांनी विचारले, “या खात्याचे पान कोरे का?” मी म्हणालो, “त्यांनी दुसरा अडत्या धरला.” वडील काही बोलले नाहीत. खरे कारण आज प्रथमच लिहीत आहे.

तत्त्वार्थसूत्रात अचौर्य व्रताच्या अतिचारांत ‘प्रतिरूपक व्यवहार’ सांगितला आहे. म्हणजे चांगल्याच्या नावाखाली हलका माल खपविणे. बा ना येथील गाव फ्रान्सची प्रतिकृती खरी, परंतु आपण फ्रान्स असल्याचे ते कोणास भासवीत नाही. तिकीट काढणारास काय मिळणार ते ठाऊक असते. माझी वीस पोती मात्र मालदांडीच्या नावावर गेली होती.

सायंकाळी खाली उतरून, दिवस मावळण्यापूर्वी आम्ही डबे उघडले. ते ज्येष्ठ व्यापारी अजूनही नकली मालाविषयी बोलत होते. मी मुकाट्याने दशमी खाल्ली.

खेळणे नातीस फार आवडले. “फ्रान्सचे ना आजोबा?” असे तिने विचारले, तेव्हा मी सांगितले, “नाही बाळ, व्हिएतनामचे.” ती तेवढ्याच आनंदाने खेळू लागली.