एक वार... दोन वार... तीन वार!

मुलांनो, ‘हर्रास’ हा शब्द तुम्हांला ठाऊक आहे का? नांदेड-लातूरकडच्या दोस्तांना हे विचारायची गरजच नाही! गावच्या चिंचेच्या झाडांचा हर्रास, आठवडी बाजाराच्या वसुलीचा हर्रास, असं काही ना काही तुमच्या कानांवर पडलेलं असणारच. पुण्या-मुंबईकडची मंडळी यालाच लिलाव म्हणतात. आपल्याकडं हैदराबाद संस्थानाच्या काळापासून उर्दू बोलीत मिसळली, त्यातलाच हा शब्द.

हर्रास कसा चालतो? माणसं जमतात. पुकारणारा एक आकडा बोलतो. दुसरा त्याच्या वर बोलतो, तिसरा आणखी वर. शेवटी कुणीच पुढं बोलेना, की ‘एक वार, दोन वार, तीन वार!’ झालं. शेवटची बोली ज्याची, माल त्याचा.

आता गंमत ऐका. जगातली नामांकित चित्रंसुद्धा अशीच विकली जातात! चावडीऐवजी झुंबरांचा दिवाणखाना असतो आणि पुकारणाऱ्याच्या हातात छोटासा लाकडी हातोडा असतो, एवढाच काय तो फरक.

पण चित्रांचा हर्रास कशासाठी? दुकानात ठेवून, किमतीची चिठ्ठी लावून ती का विकत नाहीत?

आडत्या तोच, माल वेगळा

लातूरच्या मार्केट यार्डात एकदा तरी जाऊन या. तुरीचे, हरभऱ्याचे, सोयाबीनचे ढीग पडलेले असतात. खरेदीदार मूठभर दाणे उचलतो, ओल बघतो, एखादा दाणा दाताखाली फोडतो आणि मग भाव बोलतो. काल काय भाव फुटला होता हे सगळ्यांना माहीत असतं. त्यामुळं आजचा भाव त्याच्याच आसपास राहतो.

चित्राचं तसं नसतं. ते एकच असतं. त्याच्यासारखा दुसरा ढीग शेजारी नसतो आणि कालचा भावही नसतो. मग किंमत ठरवायची कशी? ज्यांना ते हवं आहे त्यांना एका जागी बोलावून बोली लावायला सांगणं, हाच सरळ मार्ग!

जनावरांच्या बाजारातली जुनी रीत मात्र अगदी उलटी. लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची मोठी यात्रा भरते आणि तिथला जनावरांचा बाजारही प्रसिद्ध आहे. अशा बाजारांत पूर्वीपासून दलाल उपरण्याखाली हात घालून, बोटं दाबून सौदा करत आले. किती बोटं दाबली हे त्या दोघांनाच कळे, बाकीचे नुसते बघत राहत. हर्रासात सगळं उघड! प्रत्येक आकडा सगळ्यांच्या कानांवर पडतो.

चित्रांचा लिलाव करणारी कंपनी म्हणजे एक प्रकारचा आडत्याच. माल तिचा नसतो. विकणारा वेगळा, घेणारा वेगळा आणि मध्ये ही. लंडनमध्ये सुरू झालेल्या सदबीज (१७४४) आणि ख्रिस्टीज (१७६६) या दोन कंपन्या फार जुन्या. आपल्या मुंबईत सॅफ्रनआर्ट २००० साली सुरू झाली. पंडोल्स ही कंपनीही मुंबईचीच.

आधी कंपनी चित्राची तपासणी करते. ते खरं की नक्कल? कुणाकुणाच्या घरी होतं? कोणत्या प्रदर्शनात लागलं होतं? जमिनीला जसा सातबारा आणि फेरफार लागतो, तसा चित्रालाही आपला इतिहास लागतो. तो धड नसेल तर मोठी बोली यायची नाही. मग चित्राचा छापील फोटो, माहिती आणि अंदाजे किंमत खरेदीदारांकडं जाते.

आणखी एक आकडा असतो, तो मात्र गुपित! ‘याच्या खाली विकायचं नाही,’ असा विकणाऱ्यानं सांगितलेला. बोली तिथपर्यंत पोचली नाही तर चित्र परत घरी. हातोडा पडला की त्या रकमेवर कंपनी आपली ‘आडत’ लावते. म्हणून खरेदीदाराला बोलीपेक्षा बरीच जास्त रक्कम मोजावी लागते.

चौदाशे रुपये ते एकशे अठरा कोटी

मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म १९१५ साली पंढरपूरचा, म्हणजे लातूरपासून काही फार लांबचा नव्हे. तरुणपणी मुंबईत ते पोटासाठी सिनेमाचे भलेमोठे फलक रंगवत. १९५४ साली त्यांनी ‘ग्रामयात्रा’ नावाचं जवळजवळ १४ फूट लांबीचं चित्र काढलं. एकाच चित्रात खेड्यातल्या जगण्याचे तेरा प्रसंग!

त्याच साली लिऑन एलायस वोलोदार्स्की नावाचे नॉर्वेतले एक शल्यविशारद जागतिक आरोग्य संघटनेच्या कामासाठी दिल्लीत आले होते. त्यांनी ते १४०० रुपयांना विकत घेतलं आणि बरोबर नेलं. पुढं १९६४ साली ते ऑस्लोच्या रुग्णालयाला मिळालं. तिथल्या भिंतीवर ते वर्षानुवर्षं लटकत होतं.

मग १९ मार्च २०२५ हा दिवस उजाडला. न्यूयॉर्कला ख्रिस्टीजनं त्याचा लिलाव केला. हातोडा पडला, आडत धरली आणि हिशेब झाला सुमारे ११८ कोटी रुपये! तोपर्यंत लिलावात कुठल्याही आधुनिक भारतीय चित्राला एवढी रक्कम मिळाली नव्हती. ते पैसे डॉक्टरांच्या प्रशिक्षणासाठी वापरायचे असं आधीच ठरलं होतं.

चित्रकाराच्या हाती काय?

इथं तुमच्यातला एखादा चौकस दोस्त विचारील, ‘मग हुसेनना काय मिळालं?’ प्रश्न अगदी बरोबर आहे. हुसेन २०११ सालीच वारले होते.

वासुदेव गायतोंडे यांचंही तसंच. नागपूरला जन्मलेला हा अबोल चित्रकार वर्षाला पाच-सहा चित्रंच पुरी करी आणि दिल्लीत साधेपणानं राही. २००१ साली ते गेले. त्यानंतर बारा वर्षांनी, डिसेंबर २०१३ मध्ये, मुंबईतल्या लिलावात त्यांचं एक चित्र २३ कोटी ७० लाखांना गेलं. २०२५ मध्ये दुसरं एक ६७ कोटींच्या वर गेलं. त्यांनी स्वतः यातलं काहीच पाहिलं नाही.

शेतकऱ्याची तूर घरात असताना भाव पडलेला आणि ती विकून टाकल्यावर भाव चढलेला, हे दुःख आपल्या भागाला नवीन नाही. चित्रकाराचंही पुष्कळदा तसंच होतं. म्हणून आपल्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली एक कलम घातलं गेलं. मूळ चित्र दहा हजार रुपयांपेक्षा जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं, तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्यात वाटा मागता येतो. हा वाटा जास्तीत जास्त शेकडा १० इतका. मोठेपणी चित्रकार व्हायचं असेल तर हे कलम आत्ताच लक्षात ठेवा, बरं का!

सगळंच विकाऊ नसतं

देगलूर तालुक्यातलं होट्टल पाहिलंत का? तिथल्या चालुक्यकालीन मंदिरांवरच्या मूर्ती बघून डोळे निवतात. निलंग्याचं जुनं मंदिरही तसंच. अशा मूर्तींवर चोरांचा डोळा असतो, कारण परदेशी बाजारात त्यांना गिऱ्हाईक मिळतं. पण आपल्याकडं १९७२ चा कायदा आहे. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती किंवा शिल्प सरकारी परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. राजा रविवर्मा, अमृता शेरगिल अशा नऊ चित्रकारांच्या चित्रांनाही हीच बंदी आहे. शेरगिल यांचं एक चित्र २०२३ साली दिल्लीत ६१ कोटी ८० लाखांना विकलं गेलं, पण ते भारताबाहेर नेता यायचं नाही.

एकदा बाहेर गेलेली वस्तू परत आणणं फार अवघड. नागपूरकर रघुजी भोसले यांची तलवार एप्रिल २०२५ मध्ये लंडनला लिलावात निघाली, तेव्हा महाराष्ट्र सरकारला ती मध्यस्थामार्फत बोली लावून घ्यावी लागली. खर्च आला ४७ लाख १५ हजार. आपलीच तलवार आपणच विकत घ्यायची!

तेव्हा शेतात नांगरताना किंवा विहीर खणताना जुनी मूर्ती, नाणी असं काही सापडलं तर लपवू नका, घासूनपुसू नका. आई-वडिलांना सांगा आणि तहसील कार्यालयात कळवा. जमिनीत सापडलेल्या धनाची खबर देणं १८७८ च्या कायद्यानं बंधनकारकच आहे.

करून पाहा

पाच जण जमा. पाच चिठ्ठ्यांवर १०, २०, ३०, ४०, ५० असे आकडे लिहा आणि एकेक वाटा. ‘या चित्रासाठी मी जास्तीत जास्त इतकेच चिंचोके देईन,’ असा त्याचा अर्थ. चिठ्ठी कुणाला दाखवायची नाही. सहाव्यानं एक चित्र घेऊन हर्रास पुकारायचा, बोली एकेका चिंचोक्यानं वाढवायची.

काय होईल? पन्नासवाला जिंकेल, पण त्याला पन्नास द्यावे लागणार नाहीत! चाळीसवाला थांबला की चाळीस-एक्केचाळीसवरच हातोडा पडेल. आता चाळीसची चिठ्ठी काढून टाका आणि पुन्हा खेळा. चित्र तेच, जिंकणाराही तोच, पण किंमत तीस-एकतीसवर येईल.

म्हणजे लिलावाचा आकडा चित्र किती सुंदर आहे हे सांगतच नाही. दुसऱ्या नंबरच्या माणसाला ते किती हवं होतं, एवढंच सांगतो! या शास्त्राचा सखोल अभ्यास करणाऱ्या पॉल मिलग्रॉम आणि रॉबर्ट विल्सन या दोघांना २०२० सालचं अर्थशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं.

आणि हो, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या तयारीत तुम्ही जी चित्रं काढता, त्यांच्या मागं नाव, गाव आणि तारीख घालत जा. चित्राचा सातबारा तिथूनच सुरू होतो. पालकांनाही एक विनंती. दिवाळीच्या साफसफाईत ते कागद रद्दीवाल्याच्या तराजूत टाकू नका. रद्दीचा भाव किलोवर ठरतो, पण तुमच्या मुलाचं चित्र एकच असतं!