ला इसाबेला: सोन्यासाठी वसलं, चार वर्षांत ओस पडलं

आज जाऊया डॉमिनिकन रिपब्लिकच्या उत्तर किनाऱ्यावर. पुएर्तो प्लाता प्रांतात लुपेरॉन नावाची नगरपालिका आहे आणि तिच्या हाताखाली ला इसाबेला हा म्युनिसिपल डिस्ट्रिक्ट. ‘डिस्ट्रिक्ट’ म्हटलं की आपल्याला जिल्हा आठवतो ना? इथे तसं नाही. हा नगरपालिकेहून खालचा, छोटा कारभार.

इतिहास मात्र मोठा! कोलंबस दुसऱ्या सफरीत १७ जहाजं आणि हजारावर माणसं घेऊन आला. जानेवारी १४९४ मध्ये त्याने इथे गाव वसवलं, राणी इसाबेलाचं नाव दिलं. जागा हीच का? शेजारी बाहाबोनिको नदी, बांधायला दगड आणि डोंगरापलीकडे सिबाओ खोरं. तिथे सोनं आहे असं कानावर आलं होतं.

सोनं हाती फारसं लागलं नाही. उपासमार आणि आजारपण मात्र आलं. उत्खननात मिळालेल्या सांगाड्यांवर स्कर्व्हीच्या खुणा दिसल्या. चांदीसाठी वितळवलेलं शिशाचं खनिज तपासलं, तर ते चक्क स्पेनहून आणलेलं निघालं!

सगळ्यात जास्त भोगलं ते मूळच्या ताइनो लोकांनी. त्यांचं अन्न हिसकावलं गेलं. १४९५ मध्ये सुमारे ५०० जणांना गुलाम म्हणून जहाजांत कोंबून स्पेनला पाठवलं. कित्येक वाटेतच मेले.

१४९८ पर्यंत गाव जवळपास ओस पडलं, कारभार दक्षिणेला सांतो डोमिंगोला गेला. आज इथे राष्ट्रीय उद्यान आहे. समुद्राकाठी कोलंबसच्या घराचा पाया दिसतो. तो बघताना ही जमीन आधी कोणाची होती, तेही आठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!