आज तू बस!

१९ नोव्हेंबर २०२३ची संध्याकाळ आपण कुणी विसरलेलो नाही. अहमदाबादला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात विराट कोहली बाद झाला आणि अख्खं स्टेडियम चिडीचूप झालं. विराटचा बळी घेणारा तो उंचापुरा ऑस्ट्रेलियन कर्णधार म्हणजे पॅट कमिन्स. पण मैत्रिणींनो, याच कमिन्सला पहिल्या कसोटीनंतर दुसरी खेळायला पाच वर्षांहून जास्त थांबावं लागलं होतं, हे ठाऊक आहे का?

नोव्हेंबर २०११. जोहान्सबर्ग. पोरगा अवघा अठरा वर्षांचा. दुसऱ्या डावात सहा बळी घेतले, वर विजयी फटकाही त्यानंच मारला. सामनावीर ठरला. आणि मग दुखापतींचं शुक्लकाष्ठ मागे लागलं. त्यातही पाठीचं दुखणं पुन्हा पुन्हा उलटायचं. दुसरी कसोटी तो खेळला मार्च २०१७मध्ये, आपल्या रांचीला.

वेगवान गोलंदाज धावत येऊन पुढचा पाय आपटतो, तेव्हा त्याच्या वजनाच्या कितीतरी पट भार त्या पायावर येतो. त्याच क्षणी कंबर वाकते आणि पिळतेही. तार एकाच जागी सारखी वाकवली की तुटते ना, तसंच होतं. कमरेच्या मणक्याला बारीक चीर जाते. कोवळ्या वयात ही हाडं पुरती पक्की झालेली नसतात, म्हणून धोका जास्त.

हे ओळखून ऑस्ट्रेलियानं गोलंदाजांना आळीपाळीनं खेळवायला सुरुवात केली. पण ते सोपं नव्हतं, बरं का! २०१२मध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ॲडलेडला पीटर सिडलनं साठाहून जास्त षटकं टाकली. तीनच दिवसांनी पर्थची कसोटी होती. सिडल आणि हिल्फेनहॉस या दोघांनाही बसवलं, आणि ऑस्ट्रेलिया ३०९ धावांनी हरली. पुढच्याच महिन्यात होबार्टला श्रीलंकेविरुद्ध पाच बळी घेणाऱ्या बावीस वर्षांच्या मिचेल स्टार्कला मेलबर्नच्या कसोटीत सांगितलं, 'आज तू बस.' स्टार्क नाराज झाला. माजी खेळाडूंनीही टीका केली, की धडधाकट पोराला बसवता कशाला?

२०१९च्या इंग्लंड दौऱ्यात मात्र या पद्धतीची घडी चांगली बसलेली दिसली. पाच कसोटींमध्ये कमिन्स पाच खेळला, हेझलवूड चार, सिडल तीन, पॅटिन्सन दोन आणि स्टार्क फक्त एक. खेळपट्टी कशी आहे, कुणाचं अंग किती थकलंय, हे बघून नावं ठरत होती. मालिका २-२ अशी सुटली आणि ॲशेस ऑस्ट्रेलियाकडेच राहिली. स्टार्कचा तो एकच सामना होता मँचेस्टरचा. तो ऑस्ट्रेलियानं जिंकला, आणि त्याच विजयानं ॲशेस राखली गेली.

हाच स्टार्क जुलै २०२५मध्ये शंभरावी कसोटी खेळला. जमैकात अवघ्या नऊ धावांत सहा बळी घेतले, आणि वेस्ट इंडीजचा डाव २७ धावांत गुंडाळला गेला. विश्रांती दिली की सगळं टळतं, असं मात्र नाही. त्याच वर्षी कमिन्सची पाठ पुन्हा दुखावली आणि ॲशेसच्या पहिल्या कसोटीला तो मुकला.

आता हे आपल्याला कशाला? तर आपल्या गावातही मुलं-मुली वेगवान गोलंदाजी शिकताहेत. सकाळी कोचिंग, दुपारी शाळेची मॅच, संध्याकाळी गल्लीत टेनिस बॉल. तिन्हीकडचे चेंडू पडतात एकाच कमरेवर! ऑस्ट्रेलियात कुठल्या वयाला किती चेंडू टाकावेत, याचे नियम घालून दिलेत. आपण निदान एक वही करावी. रोजचे चेंडू लिहावेत. आकडा एकदम वाढला की सरांना विचारावं. लेकरू म्हणालं, 'आई, कंबर दुखते,' तर बाम चोळून पुन्हा मैदानावर धाडू नये. आधी डॉक्टर.

पोरगं रुसेल, स्टार्क रुसला होता तसं. रुसू दे. मात्र 'आज तू बस' म्हणताना 'तू कमी पडलास म्हणून नव्हे' एवढं जरूर सांगावं.

आणि हो, सणावाराच्या धबडग्यात आपलीही कंबर धरते. तेव्हा घरातल्या कुणीतरी हेच तीन शब्द आपल्याला म्हणावेत, ही अपेक्षा काही फार नाही!