वहीच्या मागच्या पानावरचा चित्रकार

आपल्या प्रत्येक वस्तीत एक तरी पोर असे असते, की ज्याच्या वहीच्या मागच्या पानांवर सगळा वर्ग, मास्तर आणि शेजारची शेळी उतरलेली असते. सातवी-आठवीपर्यंत घरात त्याचे कौतुक होते. नववीला रंगपेटी माळ्यावर जाते. "चित्रं काढून पोट भरणार हाय का?" हा बापाचा प्रश्न खोटा नाही. रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाला तो पडणारच. आम्ही कारकुनी करणारी माणसे, तेव्हा त्याचे उत्तरही हिशेबानेच शोधतो.

पहिली बाब परीक्षेची. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा शाळेमार्फत देता येतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन असे त्यांचे विषय. इंटरमिजिएट पास झालेल्या मुलाला श्रेणीनुसार दहावीला वाढीव गुण मिळतात. आपल्या कितीतरी घरांत हे ठाऊकच नसते. ज्या शाळेत चित्रकलेचे शिक्षकच नाहीत, तिथे आठवण करून देणार कोण?

म्हणून आम्ही काही मित्रांनी रविवारी विहारात चित्रवर्ग सुरू केला. शिकवायला एक कलाशिक्षक मिळाले आणि एक जुने बोर्ड रंगवणारे पेंटरकाका. फ्लेक्स आल्यापासून काकांच्या ब्रशला काम उरले नव्हते. पण अक्षराची जाडी शेवटपर्यंत एकसारखी कशी ठेवावी, हे त्यांच्याइतके चांगले सांगणारा माणूस आम्ही पाहिला नाही. मुली सुरुवातीला येत नसत. संध्याकाळचा वर्ग सकाळी घेतला, आयांना मागे बसू दिले, तेव्हा येऊ लागल्या. काकांचा एकच दंडक: मुलाच्या कागदावर मोठ्याने हात चालवायचा नाही. दाखवायचे ते वेगळ्या कागदावर.

दुसरी बाब प्रदर्शनाची. दोरीला चिमटे लावून चित्रे टांगली, पाहुण्यांनी फीत कापली, फोटो निघाला, झाले! याला आम्ही प्रदर्शन म्हणत नाही. चित्राला पुठ्ठ्याची चौकट हवी, खाली मुलाचे पूर्ण नाव हवे आणि मूल चित्राशेजारी उभे हवे. बाबासाहेबांचे चित्र सगळेच काढतात, काढावेच. पण एका मुलीने पहाटेच्या नळावरची हंड्यांची रांग काढली होती. तिच्यासमोर बाया थांबून आपापला हंडा शोधत होत्या. तिची आई त्या दिवशी प्रथमच लेकीच्या चित्राविषयी चार लोकांशी बोलली.

तिसरी बाब पैशाची. यावर मात्र आपले कार्यकर्तेच नाक मुरडतात. मुलांना पैशाची सवय लावू नका, म्हणतात. त्यांनी अमेरिकेतल्या बोस्टन शहराकडे पाहावे. तिथे 1991 साली सुझन रॉजरसन या चित्रकर्तीने शाळकरी मुलांना सोबत घेऊन 'आर्टिस्ट्स फॉर ह्युमॅनिटी' ही संस्था उभी केली. शाळा सुटल्यावर मुले तिथे येतात, जाणत्या कलावंतांच्या हाताखाली काम करतात आणि त्या कामाची मजुरी घेतात. गिऱ्हाइकांची कामे घेतली जातात, प्रदर्शनात चित्रे विकली जातात. 2004 साली संस्थेची स्वतःची इमारत झाली. सुरुवातीच्या मुलांपैकी रॉब गिब्स हा कृष्णवर्णीय तरुण पुढे शहरातल्या मोठमोठ्या भिंती रंगवणारा नावाजलेला चित्रकार झाला.

आपल्याकडे जयंतीला डीजेवाल्याला हजारो रुपये आगाऊ मोजले जातात आणि रात्र जागून स्टेजचा पडदा रंगवणाऱ्या पोराला वडापाव मिळतो. यंदा आम्ही मंडळाच्या खर्चात चित्रकाराचे खाते वेगळे मांडायला लावले. थोडी वादावादी झाली. रक्कम मोठी नव्हती, पण रीतसर व्हाउचर झाले. खजिनदारांनी सवयीने त्यावर 'बक्षीस' असे लिहिले होते. ते खोडून 'कामाचा मोबदला' लिहिले गेले, मगच मुलाने सही केली.